लाल पथारीवरची मारामारी

हिरवा पडदा लागतो, हे मला ठाऊक होतं. इंटरनेटवरचा प्रत्येक शहाणा तेच सांगत होता: नटाला हिरव्या कापडासमोर उभं करा, कॉम्प्युटरला सांगून हिरवं तेवढं पुसा आणि त्या जागी हवं ते चित्र बसवा. पण नंदुरबारबाहेर माझ्या वडिलांची, आप्पांची, मिरचीची पथारी होती. नजर जाईल तिथवर मिरची वाळत पडलेली. एवढा आयता लाल पडदा असताना कापड कशाला आणायचं? लाल पुसायचं आणि तिथे उकळता लाव्हा दाखवायचा. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी पाच मिनिटांची मारधाडीची फिल्म करायची होती. माझं मात्र सगळं तिच्यावरच अडलं होतं. हेच पडद्यावरचे चमत्कार शिकायला मला पुण्याला जायचं होतं आणि आप्पा हो म्हणत नव्हते; फिल्म पाहून तरी मानतील, अशी आशा होती. "सगळं ते कॉम्प्युटरच करस. तू काय करस?" हा त्यांचा एकच सवाल. मला राग यायचा.

शूटिंगच्या दिवशी खलनायक झालेला वर्गमित्र मिरचीच्या ठसक्याने शिंकून शिंकून बेजार झाला आणि घरी गेला. माल कोणी तुडवू नये म्हणून पहाऱ्याला उभे असलेले आप्पाच मग मिरच्यांमधल्या पायवाटेवर उतरले. मी ट्रकच्या टपावरून कॅमेरा धरला. काळा मुखवटा आणि हातमोजे घातलेल्या हिरोचे गुद्दे त्यांनी असे काही खाल्ले, की देठ खुडणाऱ्या बायका काम सोडून हसत बसल्या.

घरी येऊन लाल पुसलं, तर आप्पांचं डोकंच गेलं. माणसाच्या कातडीतही लाल असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लाव्ह्यावर एक पांढरा शर्ट आणि वर नुसत्या मिश्या लढत होत्या. आधी मी पोट धरून हसले, मग रडले. पुन्हा शूटिंग करावं, तर माल पोत्यांत भरून गेलेला. आता एकच उपाय होता: प्रत्येक चित्रात आप्पांच्या तोंडाभोवती हाताने रेघ काढायची, म्हणजे कॉम्प्युटर रेघेच्या आतलं पुसणार नाही. सेकंदाला पंचवीस चित्रं.

एका रविवारी दुपारी आप्पा माझ्यामागे खाटेवर येऊन बसले. मी कान, गाल, हनुवटी काढत होते आणि पुढच्या चित्रावर जात होते. चहा आला, गार झाला. उन्हं कलली तेव्हा जेमतेम दोन सेकंद झाले होते.

"हाई काय करी ऱ्हायनी?"

"तुमनं तोंड परत लाई ऱ्हायनू, आप्पा."

"एक एक करीसन?"

मी मान हलवली. लहानपणी तेही दुसऱ्याच्या पथारीवर देठ खुडायला जात.

"हाई ते देठ खुडासारखंच काम शे," ते हळूच म्हणाले. मी वळून पाहिलं नाही, रेघ काढत राहिले.

आप्पा उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"पुण्याले जाय, माय. पन मन्हं तोंड पुरं करीसन जाय."