घारकाका आणि कोरा रकाना

माझ्या काकांना सगळे घारकाका म्हणत. नजरच तशी होती. गावाला पाणी पुरवणाऱ्या तलावावर ते सव्वीस वर्षं पक्षी मोजत आले. ते सांगायचे, मी वहीत टिपायचे. त्यांचे नियम दोनच: पक्ष्याला उगाच उडवायचं नाही आणि लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, आकडे चुकतात. वहीतला 'न ओळखलेले' हा रकाना कायम कोरा. त्याचा त्यांना कोण तोरा!

त्या महिन्यात मात्र त्यांनी दोनदा कपाबाहेर चहा ओतला. "कुणाजवळ बोलू नकोस," एवढंच म्हणाले. डोळे गेले की नोकरी जाणार, आणि या माणसाला दुसरं काहीच येत नव्हतं.

नेमके तेव्हाच नवे साहेब मोजणी बघायला आले. बांधावर उभं राहून त्यांनी समोर बोट दाखवलं.

"तो उथळ पाण्यातला उंच पक्षी कोणता? बगळा की करकोचा?"

काकांनी दुर्बीण लावली. ती खालीच येईना.

"उडाला की सांगतो," काका म्हणाले. "बगळा मान दुमडून उडतो, करकोचा ताठ ठेवतो."

आणि मी नुसती शिंकले म्हणून मला एकदा घरी हाकलणाऱ्या या माणसाने चक्क टाळ्या वाजवल्या.

पंख फडफडल्याचा आवाज आला. काका माझ्याकडे झुकले.

"मान कशी होती गं?"

मी वहीत बघत होते! मेली सवय! डोकं वर केलं तोवर पक्षी झाडांपलीकडे गेलेला. साहेब तर काकांच्या तोंडाकडेच बघत होते. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

"मी नाही पाहिलं," मी कुजबुजले. "द्या बगळा ठोकून, काका."

काकांनी दुर्बीण गळ्यातून काढली.

"लिही," ते मोठ्याने म्हणाले. "एक. न ओळखलेला."

मी लिहिलं. त्या रकान्यातला पहिलाच आकडा.

बांध उतरताना काकांनी आधाराला माझं मनगट घट्ट धरलं. साहेबांच्या देखत धरलं.