जावेची नदी

माझ्या धाकट्या जावेने नदीकाठी घर घेतलं तेव्हा फॅमिली ग्रुपवर टाळ्यांची चिन्हं सगळ्यात आधी मी टाकली. उशीर केला असता तर माझ्या पोटात दुखतंय हे कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

आम्ही अर्विंगला राहतो, दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये. मी टेस्टिंग करते, नवरा डेटाबेस सांभाळतो, आणि आमच्या ग्रीन कार्डची रांग अकरा वर्षांत जेमतेम हललेली आहे. दीर आमच्यानंतर सहा वर्षांनी आला. त्याने पिस्कॅटवेला वाढलेल्या मराठी मुलीशी लग्न केलं. ती जन्माने इथली, पेशाने डॉक्टर. दोन-तीन वर्षांत त्याचे कागद झाले, शुगर लँडला घर झालं आणि आता टेकड्यांमधून वाहणाऱ्या एका नदीवर बारा एकर. फोटोत हिरवंगार पाणी, वाकलेली सायप्रसची झाडं, लाकडी डेक. खाली तिने लिहिलं होतं, 'आमची नदी.'

सासूबाईंनी साताऱ्याहून लगेच लिहिलं, 'धाकटीने नशीब काढलं.'

मी फोन उलटा ठेवला आणि कणीक मळायला घेतली. इतकी मळली की नवरा म्हणाला, "अगं, पोळ्या करायच्यात ना?"

तिने आम्हाला बोलावलं नाही असं मुळीच नव्हतं. तीनदा बोलावलं. गेटचा कोड मेसेज केला. "वहिनी, तुम्ही केव्हापण या, आम्ही नसलो तरी या," असं तिच्या त्या अडखळत्या मराठीत फोनवर सांगितलं. मी दर वेळी काहीतरी कारण काढलं. तिच्या डेकवर बसून, तिच्या हातचं लिंबूपाणी पीत, "किती छान गं" म्हणायची माझी तयारी नव्हती.

नदी मात्र डोक्यातून जाईना. मी सांगलीची. आमच्या घाटावर म्हशी उतरायच्या आणि न्यायाधीशांच्या बायकाही. नदी कुणाच्या मालकीची असते ही गोष्टच मला नवीन होती. एका शनिवारी नवऱ्याला म्हटलं, "चल, बाहेर पडू." कुठे ते साडेतीन तास ड्राइव्ह झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"मग फोन करून सरळ गेटमधूनच जाऊ ना," तो म्हणाला.

"नको. नुसती बघून येऊ."

बघायला काही मिळेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल कुंपण, झाडांच्या बुंध्यांवर जांभळ्या रंगाचे पट्टे. तो पट्टा म्हणजे आत यायला मनाई, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. शेवटी एक पूल लागला. पुलाखाली गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक म्हातारी बाई गळ टाकून उभी होती. मी वरूनच विचारलं, की इथे उतरायला परवानगी कुणाकडून घ्यायची?

ती हसली. "कुणाकडूनही नाही. पुलाच्या कडेने खाली ये. काठ त्यांचा, पण नदीचं पात्र सगळ्यांचं. पाण्यातून जा, पात्रातल्या गोट्यांवर बस, जेव. त्यांच्या काठावर चढू नकोस, म्हणजे झालं."

"मी इथली सिटिझन नाहीये," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. सवयीने.

"मासे विचारत नाहीत," ती म्हणाली आणि पुन्हा गळाकडे वळली.

अकरा वर्षांत या देशातली एखादी गोष्ट कागद न दाखवता माझीही आहे, असं मला पहिल्यांदा कुणी सांगितलं. मला केवढा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी माझ्या मनात जे आलं ते असं, की म्हणजे ती नदी तिची नाहीच!

पुढच्या आठवड्यात मी एक जुनी कयाक मिळवली, एकटीने वल्हवायची अरुंद होडी, पिवळी, बुडाला ओरखडे पडलेली. अर्विंगजवळच्या तलावावर सराव केला. सरळ जायला शिकण्यात माझे चार महिने गेले. कयाक गोल गोल फिरायची, खांदे भरून यायचे, काठावरची पोरं हसायची. इतक्या चिकाटीने मी इंजिनिअरिंगचा अभ्याससुद्धा केला नव्हता.

मग आमचं ठरून गेलं. महिन्यातून दोनदा पहाटे निघायचं. नवरा पुलाजवळ सावलीत गाडी लावून लॅपटॉप उघडायचा आणि मी पाण्यातून खाली जायचे. तिसऱ्या वळणानंतर जावेचा डेक दिसायचा. त्याच्या बरोबर समोर, पात्राच्या मधोमध, दगडगोट्यांचा एक लांबट उंचवटा होता. तिथे कयाक ओढून ठेवायची, पाय पाण्यात सोडायचे आणि थालीपीठ खायचं. घर बहुतेक वेळा बंद असायचं. मी त्या बंद घराकडे बघत बसायचे. पडदे मोजायचे. तिने नवीन खुर्च्या आणल्या तेव्हा मला ग्रुपच्या आधी कळलं. सांगायला लाज वाटते, पण पाठीमागे नदी किती सुंदर होती हे मी तेव्हा फारसं बघितलंच नाही.

जूनमधल्या एका शनिवारी मात्र डेकवर माणसं होती. सात-आठ जण, तिच्या हॉस्पिटलमधली असावीत. मी परत फिरू शकले असते. फिरले नाही. रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, तोंडाला पांढरं सनस्क्रीन. अशा अवतारात मी माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसले आणि डबा उघडला.

थोड्या वेळाने ती पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला आली. हातात फोन.

"एक्सक्यूज मी! धिस इज प्रायव्हेट प्रॉपर्टी!"

तिने मला ओळखलं नव्हतं. त्याच वेळी टोपी काढून "अगं, मी आहे" म्हटलं असतं तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. मी आवाज जरा जाड केला आणि इंग्रजीतच म्हटलं, की नदीचं पात्र सार्वजनिक आहे, मॅडम.

"मी फोन करतेय," ती इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज कापत होता. मला वाटलं, रागाने.

"करा," मी म्हटलं.

आणि बसून राहिले. पाऊण तास. मी थालीपीठ चावत राहिले. वरून सगळे बघत होते. आयुष्यात कधी मी पोलिसांच्या वाटेला गेलेली नाही. व्हिसावर राहणारी बाई रस्ता ओलांडतानासुद्धा सिग्नल दोनदा बघते. तरी उठले नाही.

गेम वॉर्डन आला. नदीवरचे आणि शिकारीचे नियम बघणारा अधिकारी, मिशीवाला, शांत. तो आधी तिच्याशी काठावर बोलला, वहीत काहीतरी लिहून घेतलं, मग बुटांसकट पाण्यातून माझ्याकडे आला. कुठून आलात? पुलावरून. काठावर चढलात का? नाही. लाइफ जॅकेट? मी दाखवलं. त्याने मागे वळून तिला ऐकू जाईल असं सांगितलं, "त्या बसल्यात तिथे त्यांना बसता येतं, मॅडम."

मी जिंकले होते. मग त्याने माझं नाव विचारलं.

मी सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला. वहीचं पान मागे उलटलं, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आडनाव तेच होतं.

"तुम्ही एकमेकींच्या नात्यातल्या आहात का?"

काठावरून आवाज आला, "वहिनी?"

मी टोपी काढली. दुसरं काय करणार?

वॉर्डनने वही मिटली. इथे आपलं काम नाही हे त्याला समजलं असावं. तो गेल्यावर ती पाण्यात उतरून, सँडल भिजवत, माझ्यापर्यंत आली. "वहिनी, मी गेटचा कोड दिला होता ना? मग असं का?"

"तुझ्या जागेत पाय ठेवलेला नाहीये मी," मी म्हटलं. हेच वाक्य तोंडातून निघालं. इतकं खरं आणि इतकं वाईट वाक्य मी आजवर बोललेले नाही.

तिने वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "जानेवारीत मी इथे एकटी होते. सकाळी दोन माणसं आली, बोटीतून, गन्स घेऊन. बदकं मारायला. मला माहीत नव्हता बदकंसाठी आहेत. मी बाथरूममध्ये लपून बसले. नंतर सगळे म्हणाले, त्यांना राइट आहे. असेल राइट. पण मला भीती वाटते कुणी असं समोर बसलं की. आणि तुम्ही... तुम्ही बोलला का नाही?"

मी कयाक पाण्यात ढकलली. पुलापर्यंत प्रवाहाविरुद्ध वल्हवत गेले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आता आईला कोण सांगणार?"

आईंना दिराने सांगितलं. त्या वर्षी गणपतीला आम्ही शुगर लँडला गेलो नाही आणि कुणी बोलावलंही नाही. सासूबाई फोनवर माझ्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलायच्या. मी मनाशी म्हणायचे, कायदा माझ्या बाजूने आहे. पण कायदा बाजूने असला म्हणून शनिवार जात नाही. मी नदीवर जायचं सोडलं. कयाक बाल्कनीत उभी होती, तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो.

ऑक्टोबरमध्ये जावेचा फोन आला. मी माफी मागायचं मनात जुळवतच होते, तेवढ्यात तिनेच विचारलं, "वहिनी, मला पुलावरून घेऊन जाल का? मी कधी माझं घर पाण्यातून पाहिलंच नाही."

"कशाला?" मी विचारलं.

"तुम्हाला तिथून काय दिसत होतं ते बघायचंय."

मी म्हटलं, "माझं चुकलं गं तेव्हा." ती म्हणाली, "हो, चुकलं." आणि मग कुठल्या वारी जायचं ते आम्ही ठरवलं.

तिच्यासाठी एक कयाक भाड्याने घेतली. पुलाच्या कडेने उतरताना मी तिला दाखवत होते, पाय कुठे ठेवायचा, वल्हं कसं धरायचं. मनातल्या मनात तयारी होती, की हिची कयाक गोल गोल फिरेल, ही ओरडेल आणि मी सांभाळून घेईन. ती बसली. दोनदा वल्हं मारलं. तिसऱ्यांदा मारलं आणि सरळ निघाली, पाण्यावर रेघ ओढावी तशी.

"कॉलेजमध्ये थोडं रोइंग केलं होतं," मागे वळून ती म्हणाली. "सांगायला विसरले!"

तिसऱ्या वळणानंतर घर दिसलं. ती वल्हं थांबवून बघत राहिली. "किती छोटं दिसतं," ती म्हणाली. गोट्यांच्या उंचवट्यावर एक जोडपं बसलं होतं, सोबत ओला कुत्रा आणि बर्फाचा डबा. आम्ही दोघी एकदमच थबकलो. माझ्या कपाळाला जी आठी पडली, तशीच तिच्याही कपाळावर मी पाहिली.

"वहिनी, आता काय?" तिने हळूच विचारलं.

"काही नाही. त्यांचाही हक्क आहे." शब्द कडू लागले. ती माझी जागा होती.

ती मात्र सरळ तिकडे गेली. कुत्र्याचं नाव विचारलं, बाईच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल दोन शब्द बोलली. मी पोचेपर्यंत त्या माणसाने तिची कयाक वर ओढून दिली होती आणि बाईने आपल्या खुर्चीवर तिला बसवलं होतं. कुत्रा तिच्या पायाशी लोळत होता. त्या उंचवट्यावर कितीतरी शनिवार मी बसले होते. तिथे माझ्याशी कधी कुणी बोललं नव्हतं, आणि मीही कुणाशी बोलले नव्हते.

"या ना वहिनी," तिने हाक मारली आणि अंग चोरून माझ्यासाठी अर्धी खुर्ची रिकामी केली.

मी गेले. बसले. डबा उघडून सगळ्यांना थालीपीठ दिलं. त्या बाईने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि जावेकडे वळून विचारलं, "हे तू केलंस?"