त्यांच्याकडचा लिहिणारा

छापखान्यात दोन गोष्टी आपोआप साचतात, रद्दी आणि किस्से. रद्दी आमचे वसंतराव दर दिवाळीला विकून टाकत. किस्से कोणी विकत घेत नाही, म्हणून ते माझ्याकडेच राहिले. आता तुम्ही निवांत बसलेच आहात, तर ऐका.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. शहराच्या सदर भागात वसंतरावांचा छापखाना होता. आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला एक बाकडं आणि बाकड्यावर मी. शिक्षण सातवी. त्याआधी मी कापडगिरणीत होतो, बसवर कंडक्टर होतो, एका नाटक मंडळीत पडद्यामागून वाक्यं पुरवत होतो. मंडळी बंद पडली, मी घटकाभर त्या बाकड्यावर टेकलो, तो टेकलोच. पत्रिका, मानपत्रं, दुकानांच्या जाहिराती, पुढाऱ्यांची भाषणं, मंगलाष्टकं. ज्याला जे हवं ते लिहून द्यायचं. खाली नाव त्याचं.

काम बरं चाललं होतं. अडचण एकच. आमची कुंदा लग्नाची झाली होती, आणि 'मुलीचे वडील काय करतात' याला आमच्या घरात धड उत्तर नव्हतं.

*

धरमपेठेतलं एक स्थळ आलं होतं. मुलाचे काका मोठ्या ऑफिसातले. त्यांनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, लिहितो. कोणत्या ऑफिसात? ऑफिस नाही. मग पुस्तकं? पुस्तकंही नाहीत. त्यांचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं. धीर यावा म्हणून मी माझ्या सगळ्या जुन्या नोकऱ्या सांगितल्या. एकेक नोकरी ऐकताना त्यांचा पोह्यांचा चमचा हळू होत गेला आणि शेवटी बशीत थांबला.

जाताना चपला घालत काका म्हणाले, "इतक्या नोकऱ्या पाहिल्या, एखादी पसंत तरी करायची!"

त्यांचा निरोप आलाच नाही. माझी बायको शांताबाई भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "साऱ्या दुनियेसाठी तुमाले बोलता येते. आपल्या पोरीसाठी काहून नाही येत?"

*

मंगलाष्टकाचं गिऱ्हाईक नाजूक असतं. एका नवरीचे मामा आले. त्यांची अट एकच, एकही नातेवाईक सुटता कामा नये. मी नावं बसवत गेलो, कडवी वाढत गेली. लग्नात मामा स्वतः म्हणायला उभे राहिले. प्रत्येक कडव्याला 'सावधान' आलं की लोक अक्षता टाकणार. निम्म्यातच सगळ्यांच्या मुठी रिकाम्या झाल्या. ताट पुन्हा फिरलं, तेही संपलं. मग कोणीतरी स्वयंपाकाकडून तांदूळ आणायला सुरुवात केली. शेवटी आचारीच हात जोडून मांडवात आला. "मामाजी, आता थांबा. पंगतीचा भात संपून राहिला!"

दुसऱ्या दिवशी मामा तणतणत छापखान्यात आले. मी माफी मागायच्या तयारीत होतो. पण त्यांचा राग वेगळाच होता. एक आत्या राहून गेली होती.

*

एका टांगेवाल्याची बायको रुसून माहेरी गेली होती. त्याच्यासाठी मी चार ओळी लिहून दिल्या. आठवड्यात ती परत आली, आणि थेट छापखान्यात आली. हे शब्द आपल्या माणसाच्या तोंडचे नाहीत, हे तिनं ओळखलं होतं. मला वाटलं आता भांडण. ती बाकड्यासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, लिहिलं ते बेस लिहिलं. आता घरात काय बोलायचं तेही लिहून देत जा गा त्याले."

*

मग जवळच्याच खापा गावची निवडणूक आली. तिथल्या नानाजींचं आणि बळीरामजींचं कधी पटलं नाही. एक समोरून आला की दुसरा गल्ली बदलायचा. भाषणं लिहून घ्यायला मात्र दोघंही माझ्याकडे, नानाजी सकाळच्या बसनं, बळीरामजी दुपारच्या. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. मी दोघांचंही मन लावून लिहिलं. नानाजींच्या आरोपाला बळीरामजी उत्तर देत, त्या उत्तराला नानाजी. खाप्यात लोक म्हणू लागले, यंदा दोघांनाही अक्कल आली.

नानाजी पडले. निकालानंतर येऊन बाकड्यावर बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं काही चुकलं नाही गा, देवराव. पण त्याचा लिहिणारा तुमच्यापेक्षा चांगला होता."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

*

पुढच्या वर्षी कुंदाला खाप्याचंच स्थळ आलं. मुलगा मास्तर, वडील तुकारामजी किराणा दुकानदार. यावेळी शांताबाईनं मला उत्तर पाठ करून दिलं होतं, 'छपाईच्या व्यवसायात आहे'. पण तुकारामजींनी प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, "गावात चौकशी केली मी. नानाजी म्हणे, माणूस आपला आहे. बळीरामजीही तेच म्हणे. त्या दोघांचं पावसावर एकमत होत नाही, तुमच्यावर कसं झालं?"

शांताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चहा घ्या.

लग्न ठरलं. निघताना तुकारामजींनी मला फाटकापाशी बाजूला घेतलं. वरपक्षाकडूनही मंगलाष्टक लागतं, त्यांच्याकडे लिहिणारा कोणी नव्हता. पण नवरीच्या बापानं लिहून दिलं हे त्यांच्या घरच्या बायकांना कळायला नको, आणि आमच्याही घरी नको. मी म्हटलं, तो आमच्या धंद्याचा नियमच आहे.

आमच्याकडचं एका बैठकीत झालं. लेकीला निरोप देणारी मंगलाष्टकं मी कितीतरी लिहिली होती. तिकडचं मात्र पुढे सरकेना. परक्या घरानं आपल्या कुंदाला पहिल्या दिवशी काय सांगावं? शेवटी लिहिलं, रुसलीस तर आधी आम्ही बोलू. माहेर आठवलं तर कारण विचारणार नाही.

मांडवात आमचं म्हणून झालं. मग नवऱ्या मुलाचे काका उभे राहिले, आणि बरं म्हटलं त्यांनी. 'सावधान' आलं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या शेजारी शांताबाईची मूठ तशीच मिटलेली.

मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि हळूच म्हणाली, "त्यांच्याकडचा लिहिणारा तुमच्यापेक्षा चांगला आहे."