गच्चीवरच्या जस्ताच्या पट्ट्या

औरंगपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घराला गच्ची होती. चांगलं म्हणावं असं दुसरं काही त्या घरात नव्हतं.

आमचे हे चिकलठाण्याला रंगाच्या एका लहान कारखान्यात कामाला होते. भिंतीचा रंग नव्हे. पूल, पाण्याच्या टाक्या, मोठे पाइप गंजू नयेत म्हणून लोखंडाला पहिला हात देतात तो प्राइमर. त्यात जस्ताची राखाडी भुकटी असते आणि ती धरून ठेवायला राळ. कितीला किती, ते यांनी जमवायचं होतं. दिवाळीनंतर टाक्यांचा ठेकेदार माल बघायला येणार होता. त्याला पटला नाही तर शेठ कारखान्याला कुलूप लावणार आणि आम्ही सिल्लोडला, दिरांच्या शेतावर. मला जायचं नव्हतं.

खारं पाणी फवारून माल तपासायची पेटी असते, ती कारखान्यात नव्हती. म्हणून हे रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या घरी आणायचे, खिळ्यानं त्यांवर फुली ओरखडायचे आणि गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवायचे. सकाळ-संध्याकाळ मी मिठाचं पाणी शिंपडायचे. फुलीत तांबडा गंज दिसला की ते मिश्रण बाद.

कामावरून आले की चहा घेऊन आम्ही वर. खाली दोन खोल्यांत सासूबाई आणि पोरं. दोघांनाच बसायला तेवढीच जागा, आणि पट्ट्या बघायच्या म्हणून कुणी नावंही ठेवत नसे.

"राळ जास्त झाली की जस्ताचे कण सुटे पडतात," हे सांगायचे. "कणाला कण लागला पाहिजे. मग जस्त आधी झिजतं आन् लोखंड वाचतं."

"एकानं झिजायचं, दुसऱ्यानं मिरवायचं. तुमच्याच घरची रीत दिसतीय."

"व्हय का? मग तू कोण, जस्त का लोखंड?"

"मी मीठ. बघू किती टिकता."

एका खेपेच्या पट्ट्यांवर तांबडं आलंच नाही. फुलीत पांढरी भुकटी साचली. हे खूश. जस्त झिजतंय, लोखंड शाबूत, म्हणाले. ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरीच बघायला येणार होता.

सासूबाईंनी एवढंच ऐकलं की पाहुणे येणार. सकाळी त्यांनी चिंच आणि विटेचा भुगा घेतला आणि देवाची भांडी घासावीत तशा त्या सगळ्या पट्ट्या घासून काढल्या. खालचं लोखंड लख्ख उघडं पडलं.

"अवं आत्याबाई, हे काय केलं!"

"बुरशी आली होती सगळी. लोक काय म्हनतील? हात दुखले माझे, आन् वर मलाच बोलतीस?"

हे एकेक पट्टी उचलून फुलीत पांढरं शोधत बसले. ठेकेदार पोट धरून हसला आणि म्हणाला, होळीनंतर येतो, पुन्हा करून ठेवा.

पुन्हा पट्ट्या, पुन्हा फुल्या, पुन्हा मीठ. हिवाळाभर सिल्लोडची धास्ती डोक्यावर होती, आणि तरी माझ्या संसारातले तेच दिवस मला परत हवेत. दुसरे कुठलेच नकोत.

होळीनंतर ठेकेदार आला. सासूबाईंना त्या दिवशी नणंदेकडे धाडलं होतं. त्यानं चाकूनं खरवडून बघितलं, पांढरं होतं, तांबडं नव्हतं. काम मिळालं. सिल्लोड टळलं. शेठनं लगेच फवाऱ्याची पेटी घेतली आणि पट्ट्या घरी यायच्या बंद झाल्या. यांनाही उशीर व्हायला लागला. गच्चीवर मी पापड वाळवायला लागले.

आता हे नाहीत. होळीच्या खेपेतली एक पट्टी मी नव्या घरी आणली, ती गच्चीवर आहे. मुलगा विचारतो, "आई, ही भंगारात देऊ?" मी म्हणते, हात लावू नको.

मागच्या वर्षी फुलीत तांबडं दिसलं. इतकी वर्षं टिकली, ते यांना कळायला हवं होतं. संध्याकाळी चहा घेऊन वर जाते, बघते. तांबडं थोडं वाढलेलं असतं. सांगणार कुणाला?