चाक बांधलेली सायकल

"बसतो कायले मास्तर? निंगून राहिलो."

हे वाक्य ते सायकलवरूनच बोलत. एक पाय पेडलवर, दुसरा आमच्या शाळेच्या ओट्यावर टेकलेला. कपबशी हातात घ्यायची, फुंकर न घालता चहा पोटात ढकलायचा, कपबशी माझ्या हातात परत द्यायची आणि ओट्याला पायानं रेटा देऊन चालतं व्हायचं. वर्षानुवर्षं ते आमच्या गावी आले, पण त्यांची पाठ कधी आमच्या भिंतीला लागली नाही. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो आला की आपलंच काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटू लागतं.

ते देवी काढणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे होते. आमच्याकडे लसीला टीका आणि त्यांना टीकावाले म्हणत. गोंदियाहून सायकलसकट गाडीनं यायचे, दरेकशाच्या अलीकडे उतरायचे आणि डोंगरातली गावं पालथी घालायचे. त्यांच्या तोंडावर देवीचे खोल व्रण होते. नाव मला माहीत आहे, पण त्या नावानं कुणी त्यांना हाक मारल्याचं आठवत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

आमच्या गावापासून वर, नदीच्या घळीतून एक मुरमाची सडक जात असे. रेल्वेला स्लीपरसाठी लाकूड हवं होतं तेव्हा एका ठेकेदारानं ती केली. लाकूड संपलं, ठेकेदार गेला, सडक राहिली. एका हाताला खोल नदी, दुसऱ्या हाताला काळ्या दगडाचे उभे कडे. मोजणीला आलेला एक साहेब सांगून गेला होता की हा दगड म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उकळत वर आलेला आणि इथं थिजलेला रस आहे. त्यानंतर कित्येक दिवस आमची माणसं कड्याला टेकण्याआधी त्याला हात लावून बघत. या सडकेवरून ना गाडी जाई ना घोडं. वानरं आणि टीकावाले, एवढीच काय ती वर्दळ.

त्यांच्या घाईचं कारण हँडलला टांगलेलं असे. काचेच्या बारीक नळ्यांतली लस ते ओल्या फडक्यात गुंडाळून बांबूच्या पोकळ पोंग्यात ठेवत. "गरम झाली का मेली जी," म्हणत. वाटेत नाला लागला की पाण्यातच सायकल उभी करायची, वाकून फडकं भिजवायचं आणि पुढं. वाटेत उतरणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

गावोगावच्या आया त्यांना पाहून पोरं लपवत. एकदा एका घरात धानाच्या ढोलीतून रडणं ऐकू आलं. आई म्हणाली, "मांजर हाये जी."

"मंग मांजरालेच टोचतो," असं म्हणून त्यांनी ढोलीत हात घातला आणि मांजराला दंडाला धरून बाहेर काढलं. आईलाच हसू फुटलं.

मी मात्र बसण्यात पटाईत माणूस. शाळा सुटली की ओट्यावर बसावं, सुपारी कातरावी, नदीकडे बघावं. त्यांची ती धावपळ पाहून मी चिडवायचो, "सरकार तुम्हाला पळायचा पगार देतं की टोचायचा?" ते हसायचे, पण थांबायचे नाहीत.

एका उन्हाळ्यात मला त्यांची चेष्टा सुचेनाशी झाली. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. ते गाव घळीच्या वरच्या टोकाला. मुलगी तीन महिन्यांची झाली होती, अजून टीका नव्हती. आणि सकाळीच बातमी आली की मधल्या गावात माता आली. देवीच्या रोगाचं दुसरं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. मी ओट्यावर उभा होतो. इतक्यात ते आले. मी चहाचं विचारलंच नाही.

"माझं लेकरू वर आहे," एवढंच म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या कॅरिअरवर थाप मारली. "बसा. आन् पाय वर घ्या."

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. मुरूम चाकाखाली कराकरा वाजत होता, गोटे उडत होते, वळणावर मागचं चाक दरीकडे घसरत होतं. मी डोळे मिटून त्यांच्या सदऱ्याला धरून होतो. "सदरा फाटला तं नवा घ्या लागन तुमाले," ते चढावर धापा टाकत म्हणाले.

मधल्या गावाच्या शिवेवर मोहाच्या झाडाखाली भुमका उभा होता. भुमका म्हणजे त्या गोंड गावाचा पुजारी. मागं चार माणसं. गावात माता असली की त्या गावी चाक फिरू देत नसत. जातं बंद, गाडी बंद, कुंभाराचं चाकही बंद. चाकाच्या आवाजानं माता चिडते, असं ते मानत.

"चाक फिरलं नाई पायजे भाऊ," भुमका म्हणाला.

मला वाटलं, आता वाद होणार. दुसरी वाट नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. ऊन चढत होतं आणि हँडलला लस होती. पण ते मुकाट्यानं उतरले. त्यांना वाटेत उतरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सायकल उचलून त्यांनी खांद्यावर घेतली आणि शिवेच्या आत पाऊल टाकलं. मागचं चाक हवेत हळूहळू फिरू लागलं, टिकटिक वाजू लागलं.

"थांब!" भुमका ओरडला. "फिरून राहिलं ना!"

ते थांबले. डोक्याचं फडकं सोडलं, त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही चाकं सायकलीच्या दांड्यांना घट्ट बांधली. मग भुमक्याला विचारलं, "पल्याडच्या शिवंपासून फिरवू का?"

"तिथून फिरव."

उघड्या डोक्यानं, खांद्यावर सायकल घेऊन तो माणूस त्या मुक्या गावातून चालत गेला. दारादारांत बाया उभ्या होत्या. त्याला धावता येत नव्हतं. चालताना तो सारखा पोंग्याला हात लावून पाहत होता, आणि मी त्याच्या तोंडाकडे.

वर पोचल्यावर सासूबाई मुलीला देईनात. "माता आपून येते, आपून जाते," म्हणाल्या. माझ्या बायकोनं त्यांच्या हातातून मुलगी ओढून घेतली आणि तिचा दंड पुढं केला. टीका झाली.

मी नळीकडे पाहत विचारलं, "लागेल ना?"

"आठव्या दिवशी फोड उठला तं लागली. आता निंगून राहिलो."

त्यांना पोचवायला मी मधल्या गावाच्या शिवेपर्यंत गेलो. पाहतो तर भुमका शिवेच्या बाहेर, सासरच्या बाजूला, पोरं रांगेत घेऊन बसलेला. पहिला त्याचा स्वतःचा नातू.

"शिवंच्या आत सुई चालत नाई," तो म्हणाला. "इथं चालते."

टीकावाल्यांनी पोंगा उघडला. होती नव्हती ती लस त्यांनी तिथंच संपवली.

मी शाळा वाऱ्यावर सोडून सासरी राहिलो. पाचव्या दिवशी त्याही गावात, आमच्यापासून तिसऱ्या घरी माता आली. मी दर तासाला मुलीचा दंड पाहायचो. घामोळ्याशिवाय मला काही दिसायचं नाही. बसण्यात पटाईत असलेला मी अंगणात येरझारा घालू लागलो. ती लस उन्हात मेली असेल, त्या चालण्यानं मेली असेल, हाच विचार डोक्यात.

आठव्या दिवशी ते आले. सायकल खांद्यावर, दोन्ही चाकं आधीच बांधलेली. आता या गावाचीही शीव बंद आहे, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, मुलीला उजेडात घेतलं आणि अंगठ्यानं तिचा दंड हलकेच ताणला. मला आतापर्यंत घामोळं वाटलं होतं ते त्यांनी नीट न्याहाळलं.

"लागली," ते म्हणाले.

आणि बसले. मुलगी मांडीवर घेऊन, पाठ भिंतीला लावून बसले. बायकोनं चहा आणला तर तो निवेपर्यंत हातात धरून राहिले.

"मी लहान होतो तवा," ते मुलीकडे पाहतच म्हणाले, "आमच्या गावचा टीकावाला शेजारच्या गावी पाटलाकडं पाहुनचार खाऊन राहिला होता. येतो येतो म्हने. तो आला तवा मी एकलाच उरलो होतो. तीन बहिनी होत्या मले."

त्यांनी थंड चहा पिऊन टाकला, मुलीला आईकडे दिलं आणि सायकल उचलली.

त्यानंतर काही वर्षं ते येत राहिले, ओट्यावर पाय टेकून चहा पीत राहिले. मग एका हिवाळ्यात बैलगाडीतून दुसराच माणूस आला. चांगला होता बिचारा. दोन वेळा जेवला, दुपारी झोपला. जुन्या टीकावाल्यांचं विचारलं तर म्हणाला, "ते वारले जी. तिकडं केशोरीकडं, फिरतीवर." मला त्या माणसाचा उगीचच राग आला.

दुसरं महायुद्ध संपल्यावरची गोष्ट. मी सायकल घेतली होती, आणि मुलीला घेऊन सासरी चाललो होतो. मधल्या गावाच्या शिवेवर मोहाच्या फांदीला दोन धुवट फडकी लटकत होती. गावात पुन्हा माता आली होती, चाकाला बंदी होती. एका बाईनं ती फडकी काढून माझ्या हातात दिली. "चाकं बांधा जी. पल्याडच्या झाडाले टांगून द्या."

"ही रीत कुणी घातली?" मी विचारलं.

"पयलेपासूनच हाये."

मला सांगायचं होतं. पण मी नुसता झाडाखाली टेकलो. मुलीनं माझ्या हातातली फडकी घेतली, भराभर दोन्ही चाकं बांधली आणि परकराचा ओचा खोचून सायकल खांद्यावर घेतली. झंपराच्या बाहीखाली तिच्या दंडावरचे टीकेचे गोल वण दिसत होते.

"बसता कायले बाबा?" ती म्हणाली, आणि शीव ओलांडून चालू लागली.