हामूरसाठी वल्हवताना

नातीनं जाहीर केलं, रुवैसपासून दुबईपर्यंत ती कयाक वल्हवत येणार, किनाऱ्याकिनाऱ्यानं, तिघी मैत्रिणींबरोबर. कशासाठी? तर समुद्रातला हामूर मासा वाचवण्यासाठी. आमच्या घरात हामूर वाचवणं म्हणजे पाहुणे यायच्या आत दोन तुकड्या झाकून ठेवणं. मुलगा म्हणाला, "आई, तू तरी समजाव तिला." मी समजावलं. म्हटलं, गाडीत पुढची सीट मला हवी.

मग पाण्यातून त्या चौघी आणि रस्त्यानं मी, मुलगा आणि दशम्यांचा डबा, अशी वरात निघाली.

रुवैसलाच माझा संसार सुरू झाला होता. तेव्हाची मी म्हणजे एक नगच. समुद्रावर जाताना खळ केलेली साडी आणि टाचेच्या चपला. वाळूत रुतले की नवऱ्यानं गाजरासारखं उपटायचं. आणि कुणालाही नाही म्हणायची मला हिंमत नव्हती. शेजारणीच्या कारल्याच्या भाजीला एकदा "छान झालीय" म्हणाले, तर तिच्या नवऱ्याची बदली होईपर्यंत दर शुक्रवारी कारलं खाल्लं.

नात माझ्यावरच गेलीय. लाटांना भीत नाही, माणसांना भिते. मोहीम लोकांना सांगण्यासाठी, आणि ही सांगायची फोनवर, इंग्लिशमध्ये, न दिसणाऱ्या लोकांना. एका संध्याकाळी खांदे चोळून घेताना म्हणाली, "आजी, आय हॅवन्ट टोल्ड वन रिअल पर्सन. मग हे सगळं कशाला? घरी जाऊ या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिर्फाच्या किनाऱ्यावर कयाक लागले. बाकीच्या तिघी वाळूतच आडव्या झाल्या. शेजारच्या सावलीत अबुधाबीहून आलेलं एक मराठी कुटुंब चूल मांडून बसलं होतं. आमचं मराठी कानावर पडताच तिथल्या काकूंनी चटई सरकवली. "किती वाळलीय गं पोरगी! आधी बस." नातीपुढे ताट आलं. भात, आणि वर कुरकुरीत तळलेला, ताटात अख्खा मावेल एवढा मासा.

"आजी," नात माझ्या कानात म्हणाली, "धिस इज हामूर. तू सांग ना."

तिचं पोट बिघडलंय, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मी तोंडात दशमी कोंबली.

नातीनं ताट हळूच काकूंकडे सरकवलं. मग म्हणाली, "काकू, सॉरी. मी हा नाही खाऊ शकत."

"का गं? उपास?"

"नाही. मी ह्याच्यासाठीच वल्हवतेय."

काकूंचा चेहरा उतरला. नात घाईघाईनं, मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागली. "हामूर ना, सगळे आधी मादी असतात. खूप वर्षांनी, मोठे झाले की त्यातले काही नर होतात. आपण छोटेच खाल्ले तर नर होणार कोण? मग बेबीज नाहीत. खलास."

"अगं बाई! मोठं झाल्यावर नर?"

"हो, काकू."

काकू नवऱ्याकडे वळल्या. "अहो, ऐकलंत? मासे आधी मोठे होतात, मग नवरे. तुम्ही नवरे झालात, मोठं व्हायचं राहूनच गेलं."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं नात हसली. काकूंनी तिला दहीभात कालवून दिला. तळलेला मासा काही परत पोहणार नव्हता, म्हणून ते ताट मी माझ्यापुढे ओढलं. नातीनं डोळे वटारले. मी मान खाली घालून जेवले.

निघताना काकू सलवार दुमडून गुडघाभर पाण्यात आल्या. "ए, मासेवाल्याला सांगू काय? केवढा मागू?"

नातीनं वल्हं मांडीवर ठेवून दोन्ही हात लांब केले.

"अगं, एवढा आपल्या फ्रीजमध्ये मावणार नाही!" काका चटईवरून ओरडले.

"मग शेजारी वाटू," म्हणत काकूंनी कयाक पुढे लोटला. बाकीच्या तिघी केव्हाच निघाल्या होत्या. नात मात्र वल्हं तसंच मांडीवर ठेवून, मागे वळून काकूंना हात करत बसली होती.