आफ्रिकेची आंबोळी

साठी उलटली तरी आंबोळी एवढी मोठी असू शकते हे मला माहीत नव्हतं. आम्हा चौघांच्या मध्ये एक परात आणून ठेवली, आणि परातीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकच आंबोळी. मातकट रंगाची, जाळीदार आणि थंडगार. आंबोळी तव्यावरून ताटात आणि ताटातून तोंडात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे तिच्यावर जागोजागी काय काय वाढून ठेवलेलं होतं. लाल डाळ, परतलेला पाला, कोंबडीचा रस्सा आणि मधोमध तपकिरी रंगाचं काहीतरी दाट. रश्श्यात उकडलेलं अंडं एकच, आणि जेवणारे चार. वेगळी ताटं नाहीत, वाट्या नाहीत. मी चमचा मागितला तर मालक नुसता हसला.

तारकर्लीच्या रस्त्याला माडांत एक घर भाड्याने घेऊन पुण्याच्या एका गृहस्थाने हे आफ्रिकन जेवणाचं हॉटेल काढलंय. काही वर्षं तो इथिओपियात नोकरीला होता, तिथलीच बायको करून आणली, ती रांधते आणि हा बोलतो. बोलतो म्हणजे किती! आमचे हात धुऊन वाळले तरी त्याचं संपेना.

"मॅडम, याला इंजेरा म्हणतात. हा नुसता पदार्थ नाही, तिकडचा आत्मा आहे."

जेवणात आत्मा आला की मला स्वयंपाकाची शंका येते. मी विचारलं, पीठ कसलं? तर म्हणाला, तिकडचं धान्य इथे मिळत नाही, म्हणून नाचणी घालतो, इथलीच, गावठी. म्हणजे आमचीच नाचणी, ती आंबवायची, निववायची आणि आत्मा म्हणून आमच्याच पुढ्यात ठेवायची. वर भिंतीवर ढोल, भाले आणि एक लाकडी मुखवटा. आपण कोणाकडे जेवायला जातो तेव्हा यजमान भाला दाखवतो का? पण शेजारच्या टेबलावरची मुंबईची मंडळी त्या मुखवट्यासोबत फोटो काढून घेत होती. अन्न निवतंय याचं त्यांना काही नव्हतं. आधीच निवलेलं, आणखी काय निवणार म्हणा.

तर आम्ही मिठबावची माणसं तिथे गेलो कशाला, हे सांगायला हवं. आमच्या लेकीने नेलं. ती ओरोसला सरकारी कचेरीत नोकरीला आहे, तिथल्या मैत्रिणींबरोबर एकदा इथे जेवून गेलेली. "आये, थंयसर सगळ्यांका एकाच ताटात जेवचा लागता," असं ती मला म्हणाली होती, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. तिच्या डोक्यात काय शिजतंय ते माझ्या लक्षात आलं नाही.

आमचे हे आणि माझे थोरले दीर, दोघं सख्खे भाऊ, एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. कारण गणपती. आम्ही मुंबईची नोकरी संपवून गावी आलो, मूळ घराशेजारी नवं घर बांधलं आणि पहिल्याच चतुर्थीला ह्यांनी आपला वेगळा गणपती आणला. आमच्याकडे गणपती मूळ घरात एकच. भावजी दारात येऊन उभे राहिले. "एका घराक दोन गणपती करतंस? मगे माका आजपासून तुझ्या घरातला पाणी नको!" ह्यांनीही तिथल्या तिथे देवासमोर हात पुढे करून तेच म्हटलं. देवाने ऐकून घेतलं. त्याला विचारतं कोण? तेव्हापासून दोन घरांच्या मध्ये गडगा आहे, कमरेएवढा, दगडावर दगड रचलेला. बोलणं बंद, जेवण बंद. सुंभ जळेल, पण ह्यांचा पीळ जायचा नाही.

मग माझी जाऊ गेली. भावजींना मूल नाही, आम्ही मुंबईला असताना आमची लेक गावी त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. जाऊ गेल्यानंतर ते एकटेच चूल पेटवायला लागले. गडग्यापलीकडून करपल्याचा वास यायचा तो मला बरोबर कळायचा, आज भात लागला, आज सुकट जळली. एकदा न राहवून मी बांगड्याच्या तिखल्याची वाटी पाठवली. ती आली तशी परत. वरची ताटलीसुद्धा हलवलेली नव्हती. मी रडले, आणि मग चिडले. चिडले ती अजून चिडलेलीच आहे.

आता लेकीचं लग्न ठरलं. लग्न नीट पार पडू दे म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायचा मान घरातल्या थोरल्याचा, म्हणजे भावजींचा. तिने जाऊन विचारलं, तर म्हणाले, "येतलंय, गाऱ्हाणा घालतलंय. पण जेवचंय नाय." आमच्याकडे लग्नातून थोरलं माणूस उपाशी गेलं म्हणजे मांडवाला आग लावल्यासारखंच. लेक घरी आली आणि ह्यांना सरळ म्हणाली, "काका जेवले नाय तर मी मांडवात बसाचंय नाय. ओरोसाक जावन लग्नाची सही करतलंय आणि मोकळी होतलंय." ती बापाचीच लेक, बोलली म्हणजे करणार. मला रात्रीची झोप लागेना.

म्हणून ही परात. हॉटेल ना ह्यांचं घर, ना त्यांचं. मालवणात कुठेही गेलो असतो तर दोघं दोन टेबलांवर दोन थाळ्या घेऊन पाठीला पाठ लावून बसले असते. इथे पळायला जागा नव्हती. भावजींना तिने सांगितलं, "माझ्या पगारातून जेवण, माझ्या बापाशीच्या नाय," तेव्हा ते आले. ह्यांना तर भाऊ येणार हे सांगितलंच नव्हतं.

दोघं परातीच्या दोन बाजूंना बसले. बराच वेळ कोणी हात पुढे करेना. मग भावजींनी काय करावं? उजव्या हाताच्या बोटाने त्या आंबोळीवर मधोमध एक रेघ ओढली. माझ्या लेकीकडे बघून म्हणाले, "तुझ्या बापाशीक सांग, हयसून थंयसर तेचा. ह्या माझा."

आणि आमच्या ह्यांनी, नोकरीत साहेब म्हणून मिरवलेल्या माणसाने, ती रेघ वाकून नीट बघितली! "तेंका सांग, अंडा माझ्या वाटणीत इला हा."

"अंड्याचा काय? ऱ्हवांदे तेका. ल्हानपणापासून हावरोच तो."

सगळं लेकीला सांगून चाललेलं, एका हाताच्या अंतरावरून. लेक मान खाली घालून बसली होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मला वाटलं, परात उचलावी आणि दोघांच्या डोक्यावर पालथी घालावी. आफ्रिकेत जाऊन आलेला तो मालकही पुढे येऊन रेघ बघायला लागला. त्याने तिकडे बरंच पाहिलं असेल, पण जेवणाच्या ताटात हद्द घातलेली पाहिली नसेल.

शेवटी मीच खायला सुरुवात केली. आंबोळीचा तुकडा मोडायचा आणि त्यानेच उचलून खायचं. आंबट तर इतकी की दात शिवशिवले. आमच्याकडे पीठ इतकं आंबलं तर गुरांच्या पाण्यात जातं. पाल्यात खोबरं नाही. खोबऱ्याशिवाय पालेभाजी करणारी माणसं जगात आहेत हे ऐकून होते, पण त्यासाठी माडांच्या बागेत हॉटेल काढायचं म्हणजे कमाल आहे. कोंबडीला मसाला होता, तिखटही बरं होतं, पण तुपाचा वास त्याच्या वर चढून बसलेला. कोकम नाही, ओला नारळ नाही, तिरफळ नाही. मासे तर नाहीतच, समोर समुद्र असून. मी हे सगळं मोठ्याने बोलले. कोणीतरी काहीतरी बोलायला हवंच होतं.

मग भावजींनी मधल्या तपकिरी गोळ्यात तुकडा बुडवला आणि तोंडात घातला. पुन्हा बुडवला.

"पिठी," ते म्हणाले.

मी चाखून बघितली. शिरो म्हणतात तिला, असं मालकाने सांगितलं, चण्याचं पीठ मसाल्यात शिजवलेलं. पण आमच्या कुळथाच्या पिठीची ती सख्खी बहीण. खरं ते खरं म्हणायला हवं. गुठळी नावाला नाही, दाट आणि मऊ, घोटणारीचा हात मुरलेला. नवऱ्याच्या बडबडीतला एक शब्द तिला लागत नव्हता.

भावजी खात राहिले. पिठी परातीच्या मधोमध होती, रेघेवरच. ह्यांचाही हात तिकडेच येत होता. दोघांची बोटं एकाच ठिकाणी, पण नजर वर नाही.

"माका जमणा नाय," भावजी म्हणाले. कोणाला म्हणाले कळलं नाही. "पिठी. कितीव घोटा, गुठळ्यो ऱ्हवतत. ती होती तेवा कसा आपोआप होय. आता पेज आणि लोणचा."

ह्यांचा हात थांबला. लेकीने माझ्याकडे बघितलं. आणि नेमकी त्याच वेळी ती रांधणारी बाई बाहेर आली. उंच, पांढऱ्या कापडाचा पदर डोक्यावरून घेतलेली. नवऱ्याने तिला सांगितलं असावं की ही नवरी मुलगी आहे. तिने हसून आंबोळीचा तुकडा मोडला, पिठी घेतली, चांगला मोठा घास केला आणि लेकीच्या तोंडात भरवला. त्यांच्यात ती पद्धत आहे, म्हणे. घास जेवढा मोठा तेवढी माया मोठी, आणि नको म्हणायचं नाही. मग तिने भावजींना खूण केली, आता तुम्ही. भावजींनी लेकीला घास भरवला. लहानपणी असाच भरवायचे, वरण-भाताचा. तिथवर सगळं बरं होतं.

बाईने ह्यांच्याकडे बोट दाखवलं. आता यांना. थोरल्याने धाकट्याला.

भावजींनी घास केला. खरंच केला, आणि हात रेघेच्या वर आला. आणि आमचे हे म्हणाले, "माका हात आसत."

झालं. तो हात तसाच परत गेला. बाई गोंधळून आत निघून गेली. आम्ही उठलो. मालकाने दारात पुन्हा आत्म्याविषयी काहीतरी सुरू केलं होतं, मी त्याला म्हटलं, "आत्मा आहे हो, पण माणसं नकोत का तशी?" परतताना गाडी लेक चालवत होती. भावजी पुढे, आम्ही मागे. इतका पैसा आणि पेट्रोल खर्चून आम्ही आमचा गडगा तारकर्लीला नेऊन आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळीवर बसले होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ह्यांना स्वयंपाकघर कुठे आहे ते फक्त चहाच्या वेळी आठवतं.

"आज पिठी कर," म्हणाले. मग जाता जाता, "वायच जास्त कर."

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, एवढं मी ह्यांना ओळखून आहे. कुळथाची पिठी केली, लसणीची फोडणी दिली, वाटीत घातली आणि वाटी गडग्यावर नेऊन ठेवली. गडगा दोघांचा, म्हणजे कोणाच्याच घरातला नाही. दाराआडून बघत राहिले. बऱ्याच वेळाने भावजी परसात आले, इकडे तिकडे पाहिलं आणि वाटी उचलून आत गेले. माझा जीव वाटीत अडकला होता.

संध्याकाळ झाली तरी वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर गडग्यावर ती उभी, वर तीच ताटली. पुन्हा तेच, मी म्हटलं. पण उचलली तर जड आणि गरम लागली.

आमच्याकडे शेजारच्या घरचं भांडं रिकामं पाठवत नाहीत. निदान साखर घालतात, नाहीतर बागेतलं एखादं फळ ठेवतात. जाऊ असताना ते सगळं तीच बघायची. भावजींनी वाटीत पिठी घालून पाठवली होती. स्वतः केलेली. काळपट, पाणी एकीकडे आणि पीठ एकीकडे, आणि गुठळ्या एवढाल्या. ही पिठी मी आमच्या मांजरापुढे ठेवली नसती.

ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. वाटी कुठून आली ते ह्यांना दिसत होतं. देवासमोर काय म्हटलं होतं तेही आठवत असणार. ते वाटीकडे बघत बसले. मग भात कालवला. एक गुठळी चावली, दुसरी चावली. सगळ्या चावून संपवल्या, वाटी बोटाने पुसून घेतली, हात न धुताच उठले आणि अंगणातल्या खळ्यात जाऊन गडग्यापाशी उभे राहिले.

"दादा!" कितीतरी वर्षांनी ह्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. "मीठ इसारलंस रे!"

मग आतून भावजींचा आवाज आला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा.

"मांडवात तू वाढ माका. मगे बघतंय, तुझ्या जेवणात किती मीठ आसा ता!"